आरओचं सोडलेलं पाणी आणि काकूंचा गवती चहा: लातूरच्या एका गच्चीवरचं प्रकरण

ही गोष्ट लातूरमधल्या आमच्याच गल्लीतली आहे. नावं सांगत नाही, काकूंना ते आवडणार नाही, पण बाकी सगळं जसं झालं तसं लिहितेय. गवती चहा वाळायला लागला की सगळे आधी उन्हाला दोष देतात, नाहीतर पाणी कमी पडलं म्हणतात. घरोघरी आरओ, म्हणजे पाणी गोड करायचं मशीन, बसल्यापासून आपल्याकडं तिसरंच एक कारण असू शकतं, ते पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही, माझ्याही आलं नव्हतं आणि त्यात दीड महिना गेला.

पार्श्वभूमी

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, काकांना शुगर. चहात साखर नाही, मग त्यात वासाला काहीतरी लागतंच, म्हणून सकाळ-संध्याकाळ गवती चहाची चार-चार पानं. काकू पानं धुऊन एकत्र घेतात, त्याला एक गाठ मारतात आणि पाणी उकळायला लागलं की आलं ठेचून त्याच्याबरोबर टाकतात, चहापत्ती सगळ्यात शेवटी. गाठ मारायचं कारण म्हणजे पान मोडलं की वास मोकळा होतो आणि गाळताना गाठ तशीच उचलून टाकता येते. हिवाळ्यात अंघोळीच्या पाण्यात पण एक जुडी असते. म्हणजे हे झाड शोभेसाठी नाही, या घरात ते रोज लागतं.

आणि ठोंब माहेरचा, औसा तालुक्यातला. १९९३ च्या भूकंपात घर पडलं, पण न्हाणीच्या मागं सांडपाण्यावर वाढलेलं गवती चहाचं बेट तसंच उभं राहिलं, पुढं गाव नवीन जागेत गेलं तेव्हा काकूंनी त्यातला एक ठोंब ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीनं लातूरला आणला. जुनं बेट आता नाही. आपल्याकडं घरोघरी असतो तो गवती चहा, सिम्बोपोगॉन सिट्रॅटस, त्याला फुलं फार क्वचित येतात आणि बी जवळपास धरतच नाही, तो वाढतो फुटव्यांवर, म्हणून आईच्या परसातलं बेट आणि काकूंच्या बादलीतला ठोंब हे एकच झाड आहे, नुसतं सारखं नव्हे. हे आधीच सांगते कारण पुढं 'नवीन रोप आणा की' हा पर्याय आला तेव्हा तो बाहेरच्याला जितका सोपा वाटतो तितका या घरात नव्हता.

अजून एक गोष्ट महत्त्वाची. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या वर्षी काकूंनी हा ठोंब तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्यावर, ते पण दिवसाला तांब्या-दोन तांब्यांवर जगवला. पानं बारीक झाली, पण हिरवी राहिली.

मागच्या दिवाळीत पुण्याच्या लेकानं आरओ बसवून दिला. आमच्या भागात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, बाकी सगळा भार बोअरवर, आणि बोअरचं पाणी इतकं जड की डाळ शिजत नाही. त्यामुळं आरओ बरोबरच होता. पण या मशीनमध्ये एक हंडा पाणी गोड होऊन आलं की जवळपास दोन हंडे बाजूच्या नळीनं निघून जातं. २०१६ बघितलेलं माणूस ते मोरीत सोडेल का? काकूंनी नळी बादलीत घेतली आणि ती बादली रोज गच्चीवर. गवती चहा दोन जुन्या रंगाच्या बादल्यांत, वीस-वीस लिटरच्या, खाली भोकं पाडलेली आणि भोकांतून आलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्याखाली प्लास्टिकच्या थाळ्या.

अडचण

जानेवारीत पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली. थंडीनं असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मार्चपर्यंत पान टोकापासून अर्ध्यापर्यंत वाळलेलं, कडा पण जळल्यासारख्या, आतले नवे फुटवे पिवळट आणि आखूड. काका म्हणायला लागले की चहाला वास नाही, नुसतं गवत उकळल्यासारखं लागतं. काकू आठ पानांच्या जागी पंधरा टाकायला लागल्या, म्हणजे दुखणाईत झाडावरच कापणी दुप्पट.

"पाणी तर रोज भरपूर घालूलाले की मी, तरी वाळूलालंय बघ," असं मला म्हणाल्या. ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं, खरं तर उत्तर त्यातच होतं.

आधी काय काय करून बघितलं

पहिला सल्ला माझाच, ऊन जास्त होतंय. मार्चच्या शेवटी आम्ही दोन्ही बादल्या जिन्याच्या आडोशाला नेल्या. पंधरा दिवसांत पानं लांब झाली पण लोळायला लागली, वास आणखी पातळ झाला आणि टोकं जळायची थांबली नाहीत. गवती चहाला दिवसाचं सहा तास तरी ऊन लागतं, सावलीत तो वाढतो पण वास धरत नाही. हे मला माहीत होतं, तरी दारात झाड वाळताना बघितलं की माणूस सावलीच करतो.

दुसरा सल्ला शेतीवाल्या दिराचा. पिवळं पडलंय म्हणजे युरिया द्या. उसाला देतात तसा, फक्त चमच्यानं. काकूंनी प्रत्येकी दोन चमचे टाकून वरून पाणी दिलं आणि आठवड्यात एका बादलीतले बाहेरचे फुटवे बुडापासून सुकले. सल्ला वाईट हेतूनं नव्हता आणि नत्र कमी पडलं की पिवळेपणा येतो हेही खरं, पण तेव्हा बाहेरची जुनी पानं आधी सरसकट पिवळी पडतात. इथं टोकं जळत होती. ही दोन लक्षणं वेगळी आहेत आणि आम्ही कुणीच पान हातात घेऊन नीट बघितलं नाही.

तिसरं, पाणी वाढवलं. कडक ऊन आहे म्हणून एकदाच्या ऐवजी दोनदा. तेच पाणी.

खरं कारण कसं सापडलं

एप्रिलच्या शेवटी मी खुरपं घेऊन वरची माती हलवायला बसले तेव्हा मातीवर पांढरी पापडी निघाली, शेवयाच्या पिठाचा हात लागल्यासारखी, आणि बादलीच्या आतल्या काठाला एक पांढरी रेघ गोल फिरलेली. खालच्या थाळीत पण तसाच थर, नखानं खरवडून निघणारा. गरम पाण्याच्या बंबात जसा साठतो तसा.

शेजारच्या पोराकडं टीडीएस मीटर होता, पेनासारखा असतो तो, पाण्यात बुडवला की विरघळलेल्या क्षारांचा आकडा लिटरमागं मिलिग्रॅममध्ये दाखवतो. बोअरचं पाणी ११०० च्या आसपास, आरओतून प्यायला येणारं ७०, आणि बाजूच्या नळीचं १६००. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं धरतात आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे १६०० बघून कुणी घाबरणार नाही. पण प्यायचं पाणी शरीरातून निघून जातं, बादलीतलं जात नाही. मी तिथंच हिशोब केला. दोन्ही बादल्यांत मिळून रोज चार लिटर, लिटरमागं १.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साडेसहा ग्रॅमच्या जवळ आणि महिन्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास क्षार. पाणी उडून जातं, पान पिऊन टाकतं, क्षार मातीत राहतात. थोडे भोकांतून खाली गेले असते, पण खाली थाळी होती आणि थाळीतलं पाणी माती परत वर ओढून घेत होती.

मातीत क्षार वाढले की मुळं पाणी असूनही ओढू शकत नाहीत, झाड ओल्या मातीत तहानलेलं राहतं आणि जे क्षार आत जातात ते पाण्याबरोबर पानाच्या टोकाला जाऊन साठतात, म्हणून टोक आधी जळतं. युरिया पण विरघळून त्याच ओझ्यात भर टाकतो. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ थाळीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे त्या साली कमी पाणी होतं म्हणून जगलं व्हय." हो, पाणी कमी होतं पण गोड होतं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय पुस्तकातला. कुंडीच्या मापाच्या दुप्पट चांगलं पाणी वरून हळूहळू सोडून क्षार धुऊन काढायचे. वीस लिटरच्या बादलीला चाळीस लिटर, दोनला ऐंशी. जून असता तर प्रश्नच नव्हता, पण मे महिना तोंडावर होता, गल्लीत टँकर सुरू झालेले आणि नळाचं पाणी फक्त प्यायला-स्वैपाकाला पुरवून पुरवून वापरत होतो. काकूंनी सरळ नाही म्हटलं. मला तो नकार तेव्हाही बरोबर वाटला, आताही वाटतो. ऐंशी लिटर गोडं पाणी झाडाला ओतून शेजारणीनं दोन घागरी मागितल्यावर काय सांगणार?

दुसरा, माती पूर्ण बदलून ठोंब फोडून नवीन लावणे. धुवायला पाणी लागत नाही आणि खराब माती एकदाच जाते. पण मेच्या उन्हात मुळं उघडी करायची, ती पण आधीच दुखावलेली.

तिसरा, पाऊस पडेपर्यंत फक्त जगवायचं आणि धुवायचं काम मृगावर सोडायचं. यात खर्च काही नाही, पण सहा आठवडे खराब मातीतच काढायचे आणि मधे मेलं तर संपलं.

चौथा, नवीन रोप. काकू तयार नव्हत्या, तरी काका गुपचूप एका नर्सरीतून एक घेऊन आले. बुडाचे दांडे लालसर आणि पान चुरगाळलं की डास पळवायच्या क्रीमसारखा वास. तो सिट्रोनेला होता, गवती चहाचाच नातेवाईक, पण त्याच्या वासात सिट्रोनेलाल आणि गवती चहाच्या वासात सिट्रल, लिंबाचा वास देणारं तेच. स्वैपाकाच्या गवती चहाचं बूड पांढरट-हिरवं, कांद्याच्या पातीसारखं जरा फुगीर असतं. रोप घेताना बूड बघा आणि पान चुरगाळून वास घ्या, नावावर जाऊ नका. ते रोप दारात राहिलं, चहात गेलं नाही.

काय केलं

दोन बादल्या असल्यानं आम्ही दोन वाटा धरल्या. काकूंचं म्हणणं होतं दोन्ही बदलून टाकू, एकदाचं होऊ दे. मी अडवलं, कारण दोन्ही ठिकाणी एकच चूक झाली तर माहेरचा ठोंब संपला. या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय कुठला म्हणाल तर हा, आणि तो कुठल्या ज्ञानानं नव्हे, भीतीनं झाला.

जी बादली जास्त खराब होती, युरियानं सुकलेली, ती मेच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी फोडली. मुळांचा गोळा बादलीच्या आकाराचा घट्ट झाला होता, माती कमी आणि मूळ जास्त, सात-आठ वर्षांत एकदाही ठोंब वेगळा केला नव्हता, खरं तर दोन-तीन वर्षांनी करायला पाहिजे. विळ्यानं चिरून सहा बरे फुटवे निघाले. पानं बोटभर ठेवून वरून छाटली, म्हणजे मुळांवर ओझं नको. माती अर्धी शेतातली काळी, बाकी कच आणि शेणखत, कारण नुसती काळी माती बादलीत पाणी धरून बसते आणि वाळली की काठापासून सुटून भेगा पाडते, मग वरचं पाणी भेगेतून सरळ खाली.

दुसऱ्या बादलीला हात लावला नाही. फक्त वरची दोन बोटं पापडीची माती खरवडून टाकली, तिथं शेणखत भरलं, वरून उसाच्या पाचटाचा जाड थर, थाळी काढून बादली दोन विटांवर उचलून ठेवली. दोन्ही बादल्या परत उन्हात, दुपारी बारा ते चार फक्त हिरवी नेट.

आणि पाणी. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी, मीठ न घातलेलं, यावर दोन्हींची सोय झाली, दिवसाला मिळून दोन-तीन लिटर. काकूंच्या जावेकडं एसी आहे, त्याच्या नळीचं पाणी हवेतल्या ओलाव्याचं असतं, मीटरवर ३०-४० दाखवलं, ते दोन दिवसाआड एक कॅन. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र देऊ दिलं नाही. त्यात पाणी उडतं आणि क्षार मागं राहतात, आरओच्या नळीसारखंच होतं ते. आरओचं सोडलेलं पाणी काकूंनी फरशी पुसायला आणि संडासला लावलं, एक थेंब मोरीत गेला नाही.

काय झालं

नवीन लावलेल्या सहापैकी चार फुटवे मे संपायच्या आत गेले. दोन दिवस लागोपाठ इतकं ऊन होतं की नेटखालची माती दुपारी हाताला चटका देत होती. उरलेले दोन नुसते हिरव्या काड्या.

हात न लावलेली बादली तशीच राहिली, बरी नाही आणि वाईट नाही. नवं पान यायचं, त्याचं टोक जळायचं, पण बूड टणक होतं. काकू रोज सकाळी बुडाला अंगठा दाबून बघायच्या.

पाऊस जूनच्या मध्यात आला. पहिल्या पावसात गच्चीची घाण जाऊ दिली आणि दुसऱ्या मोठ्या पावसाला काकू, मी आणि काका तिघांनी मिळून ती बादली पन्हाळीखाली ओढली. आकड्यात सांगायचं तर हजार चौरस फूट गच्चीवर १० मिलीमीटर पाऊस पडला की नऊशे लिटर पाणी खाली येतं, ज्या ऐंशी लिटरसाठी आम्ही मेमध्ये भांडत होतो ते अर्ध्या तासात वाहून गेलं. आधी बुडातून चहासारखं गढूळ पाणी आलं, ते वाटीत धरून मीटर लावला तर आकडा मीटरच्या पट्टीबाहेर, म्हणजे बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी वर. अर्ध्या तासानं तेच ४०० वर आलं. तसं तीन पावसात केलं.

जुलैत फुटवे मोजता येईनात. आषाढीच्या दिवशी उपासाच्या चहाला पहिल्यांदा पानं कापली, मातीपासून वीतभर वर, आणि स्वैपाकघरात उकळी आली तेव्हा काका बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "आज बरोबर झालाय." अजून कप हातात पण घेतला नव्हता त्यांनी. मेमधल्या दोन काड्यांनीही जोर धरला, पण दिवाळीपर्यंत त्या मागच पडलेल्या होत्या.

पुन्हा वेळ आली तर

मी पहिल्या दिवशी वरची माती हलवून बघेन. पांढरी पापडी जानेवारीतच असणार, वरच्या सुकलेल्या पानांखाली झाकलेली. पाच मिनिटांचं काम होतं आणि त्यासाठी मीटर पण लागत नाही.

कारण कळल्याशिवाय खत नाही, कुठलंच. आणि कारण कळेपर्यंत कापणी बंद. काकांच्या चहासाठी त्या काळात तुळस किंवा वेलदोडा चालला असता, पण आम्ही दुखणाईत झाडाचीच पानं ओरबाडत राहिलो.

मेमध्ये ठोंब फोडणं ही चूकच. तेव्हा मला वाटलं खराब मातीत एक दिवस जास्त नको, पण मुळं उघडी करायला ढगाळ हवा आणि ओली माती लागते, ती जूनच्या आधी आपल्याकडं नसते. पाचट, विटा, थाळी काढणं आणि पाणी बदलणं एवढंच दोन्हीला केलं असतं तर बहुतेक ते चार फुटवे पण वाचले असते. ठामपणे नाही म्हणता येत, त्या बादलीची मुळं युरियानं आधीच जास्त दुखावली होती, म्हणजे दोन बादल्यांची तुलना अगदी बरोबरीची नव्हती.

एका गोष्टीवर काकूंचं आणि माझं अजून जमत नाही. त्यांचं म्हणणं आरओचं पाणी झाडाला कधीच नको. मला वाटतं जमिनीत लावलेलं मोठं झाड असेल, खाली निचरा असेल आणि पावसाळ्यात माती धुतली जात असेल तर साधं पाणी मिसळून अधूनमधून चालेल, बादलीतल्या गवती चहाला मात्र नाही. गावाकडं तो न्हाणीच्या पाण्यावर मजेत वाढायचा, कारण तिथं खाली सगळी जमीन होती.

आता ठोंब तीन घरांत आहे. एक काकूंकडं, एक माझ्या गच्चीवर, आणि एक काकूंनी श्रावणात भाचीबरोबर माहेरच्या नवीन गावाला पाठवला, ओल्या पोत्यात गुंडाळून. तिकडं न्हाणीच्या मागं लावलाय म्हणून फोन आला होता. काकूंनी लगेच विचारलं, पाणी बोअरचंय का आडाचं.